रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७)
जोतीराव फुल्यांचे निष्ठावंत अनुयायी व ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक असलेल्या लोखंड्यांनी, १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारून, रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि जायबंदी मजुरास भरपाई या मागण्यांचा, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे गुदरला. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, तीत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. आणि १० जून रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करीत असता, ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, त्याच रोगाने त्यांचे देहावसान झाले. साप्ताहिक सुटी उपभोगणारा प्रत्येक श्रमजीवी त्यांचा ऋणाईत आहे.