डोळ्यांवरचा डबा घरोघरी पोचेल का?

मागे कन्हानच्या बाजारात एका पोरानं हाक मारली, "मावशी, पन्नास रुपयांत आकाशपाळणा!" त्यानं डोळ्यांवर काळा डबा बांधला आणि मी एकदम उंचावर. खाली पाहिलं तर पोटात गोळा आला. डबा काढला, पण गरगरणं घरापर्यंत सोबत आलं.

याला व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात, म्हणजे आभासी वास्तव. डब्यात दोन भिंगं असतात. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दिसतात आणि मेंदू त्यांतून खोली तयार करतो. ही युक्ती इंग्लंडच्या व्हीटस्टन यांनी १८३८ मध्येच दाखवली होती. 'छोटा चेतन' चष्मा लावून पाहिलेला आठवतो ना? तीच गंमत. नवीन एवढंच, की मान वळवली की चित्रही वळतं.

मग मळमळ का? डोळे म्हणतात आपण फिरतोय, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो बसलोय. बायांना हा त्रास जास्त होतो, असं काही संशोधकांना दिसलं. त्याचं एक कारण म्हणजे भिंगांमधलं अंतर आपल्या डोळ्यांना नीट जुळत नाही. म्हणजे दोष आपल्या नाजूकपणाचा नाही, मापाचा!

फेसबुकनं २०१४ मध्ये असे डबे बनवणारी ऑक्युलस कंपनी सुमारे दोनशे कोटी डॉलरला घेतली. ॲपलचा डबा २०२४ मध्ये ३,४९९ डॉलरला आला, म्हणजे जवळपास २ लाख ९० हजार रुपये. महाग म्हणून चालत नाही म्हणावं, तर गूगलनं २०१४ मध्ये पुठ्ठ्याचा स्वस्त डबा काढला होता. त्याचीही विक्री २०२१ मध्ये थांबली.

मला कारण आपल्या स्वयंपाकघरात दिसतं. मोबाईल ऐकत पोळ्या लाटता येतात. डबा दोन्ही डोळे मागतो. दूध उतू गेलं तरी कळणार नाही. एवढी मोकळी वेळ कोणाकडे आहे? म्हणून मोबाईलसारखा तो घरोघरी जाईल, असं मला वाटत नाही.

शिकण्यासाठी मात्र त्याचा उपयोग आहे. आपल्या भागात कोळशाच्या खाणी आहेत. खाणीत आग लागली तर बाहेर कसं पडायचं, याचा सराव जीव धोक्यात न घालता होतो, आणि एकच डबा पन्नास जणांना पुरतो. पण गटाला कोणी 'डब्यावर शिलाई शिकवतो' म्हणालं, तर पैसे देण्याआधी विचारा, खऱ्या मशीनवर किती तास बसवणार? आणि फिट येणाऱ्या माणसाला किंवा लहान लेकराला तो लावू नका.