उद्योगसंस्थांची सामाजिक बांधिलकी आणि कामगारांची मनोवृत्ती

उद्योगसंस्था ज्या समाजात उभी असते त्या समाजाचे ती काही देणे लागते, या जाणिवेस सामाजिक बांधिलकी असे म्हणतात. शाळेची खोली, पाण्याची टाकी, फिरता दवाखाना ही तिची गावकऱ्यांना दिसणारी रूपे होत. परंतु तिचा परिणाम कारखान्याच्या दाराबाहेरच थांबत नाही. आत यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाच्या मनावर व वागणुकीवरही तो होत असतो. त्याचा येथे थोडक्यात विचार करावयाचा आहे.

नागपूरचा अनुभव

जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपूर येथे एम्प्रेस मिल सुरू केली. प्रारंभीच्या काळात रोज सुमारे एक पंचमांश कामगार गैरहजर राहत. दंड करावा, तर माणसे काम सोडून जाण्याची भीती. जमशेटजींनी दंडाऐवजी आपुलकीचा मार्ग धरला. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी, १८९५ पासून अपघाताची भरपाई आणि १९०१ मध्ये भविष्य निर्वाह निधी अशा सोयी त्यांनी क्रमाने केल्या. भविष्य निर्वाह निधीचा कायदा देशात १९५२ साली झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे या दूरदृष्टीचे मोल कळते. आपल्या म्हातारपणाची व अडीअडचणीची काळजी गिरणी वाहते, असे दिसू लागल्यावर कामगारास गिरणी परकी वाटेनाशी होते.

औंध संस्थानात १९१० साली किर्लोस्करवाडी वसविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तर शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही कामावर घेतले व त्यांच्याकडे राखणीचे काम सोपविले. ज्यावर विश्वास टाकला जातो, तो माणूस त्या विश्वासास जागण्याची शिकस्त करतो, हेच यामागील तत्त्व होय.

हे कसे घडते?

आपली संस्था चांगले काम करते, असे चारचौघांत सांगताना कामगारास अभिमान वाटतो. ‘जी संस्था परक्यांशी न्यायाने वागते ती माझ्याशीही वागेल’, असा विश्वास त्याच्या मनात रुजतो. आपल्या कामाचा समाजास उपयोग होतो, या जाणिवेने कामातही अर्थ येतो. यातूनच गैरहजेरी कमी होणे, नोकरी न सोडणे, सहकाऱ्यास आपणहून मदत करणे, मालाची नासाडी टाळणे हे गुण वाढीस लागतात.

उज्जैनचा धडा

उज्जैन जिल्ह्यातील नागदा येथे चंबळ नदीकाठी १९५४ पासून कृत्रिम धाग्याचा मोठा कारखाना आहे. अशा ठिकाणी कामगार आणि गावकरी ही दोन वेगळी माणसे नसतात. दिवसा यंत्रावर असणारा माणूस संध्याकाळी त्याच परिसराचा रहिवासी असतो. तेथील पाणी, हवा व शाळा यांविषयी कारखान्याचे वर्तन कसे आहे, हे त्यास कोणी सांगावे लागत नाही.

याची दुसरी बाजूही उज्जैनने पाहिली आहे. येथील बिनोद मिल १९९६ साली बंद पडली आणि कामगारांना आपल्या हक्काच्या पैशांसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. त्यात दोन दशकांहून अधिक काळ गेला. कामगारांचे देणे थकवून बाहेर केलेला दानधर्म कोणाच्याही मनात आदर निर्माण करीत नाही. उलट तो देखावा ठरतो व कटुता वाढते. म्हणून घरचे देणे आधी, बाहेरचे नंतर.

कायदा काय सांगतो?

कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १३५ नुसार, ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी रुपये, उलाढाल १००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये अथवा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून अंमलात आली. कंपनीने आपल्या परिसरास प्राधान्य द्यावे, असेही तीत म्हटले आहे. मात्र केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या लाभासाठी केलेला खर्च या रकमेत धरता येत नाही. वेतन, सुरक्षितता व निधी ही मालकाची स्वतंत्र कर्तव्ये होत; २ टक्क्यांच्या खर्चाने ती फिटत नाहीत.

आपण काय करावे?

ग्रामसभेने गावाच्या गरजांची यादी क्रमवार करून कंपनीकडे लेखी द्यावी. कंपनीच्या वार्षिक अहवालात या खर्चाचा तपशील असतो. शिक्षकांनी तो गावकऱ्यांस वाचून दाखवावा. अधिकाऱ्यांनी योजना ठरविताना त्याच परिसरातील कामगारांचे म्हणणे ऐकून घ्यावे. ज्या कामाची निवड व देखरेख कामगार स्वतः करतो, त्या कामाचा त्यास खरा अभिमान वाटतो, आणि असे काम पुढे टिकतेही.