पॅक्नोडा सिन्युएटा : फुलांवरचा भुंगेरा

दक्षिण आफ्रिका व नामिबिया या मुलुखांतील बागांत गुलाबाच्या पाकळ्यांत तोंड खुपसून बसणारा, पिवळ्या नक्षीचा हा काळा भुंगेरा फाब्रिसियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७७५ साली शास्त्राच्या दप्तरी नोंदविला. पाठीवरची कठीण कवचे मिटलेलीच ठेवून, त्यांच्या कडेच्या खाचेतून मागचे पंख पसरीत तो उडतो. हे उड्डाणकौशल्य त्याच्या कुळाचे खरे वैभव होय. फुले व पिकली फळे कुरतडतो म्हणून माळी त्याच्यावर रुष्ट असतात, आणि ती तक्रार गैरवाजवी नाही. परंतु त्याची अळी, दिसण्यात आपल्या हुमणीसारखी असली तरी, मुख्यतः कुजका पालापाचोळा व खत यांवरच गुजराण करते, हेही हिशेबात धरले पाहिजे. पाय असूनही ही अळी उताणी होऊन पाठीवर सरपटते, आणि कोशावस्थेपूर्वी मातीची अंडाकृती कुपी स्वतःभोवती लिंपून घेते.