छप्पन्न मुडद्यांचा नायक आणि आमची भरतीची पोरं

पोलीस भरती निघाली की धाराशिव जिल्ह्यात उमरगा असो, कळंब असो की तुळजापूर, आमच्या वस्त्यांतली पोरं पहाटे उठून रस्त्याने धावू लागतात. बाप ऊसतोडीला, आई मजुरीला. घरात एक खाकी वर्दी आली तर घराचे नशीब पालटते. या पोरांचे आम्हाला कौतुकच आहे. पण त्यांच्या मोबाईलमध्ये डायलॉग वाजतात ते एन्काउंटर करणाऱ्या सिनेमातल्या साहेबांचे. म्हणून विचारावेसे वाटते : बाबांनो, तुमचा नायक कोण?

2004 साली ‘अब तक छप्पन’ आला. मुंबई पोलिसांतील दया नायक यांच्या कारकिर्दीवर तो बेतल्याचे सांगितले गेले. नाना पाटेकरांच्या साधू आगाशेने किती माणसे मारली, तो आकडाच सिनेमाचे नाव झाला! मेलेल्यांचा खटला कोणत्या कोर्टात चालला, हे विचारायला प्रेक्षकाला सवडच दिली नाही.

हे खूळ एकट्या मुंबईचे नाही. फिलिपाईन्समध्ये 2000 साली तिथले पोलीसप्रमुख पॅन्फिलो लॅक्सन यांच्यावर ‘सुपर कॉप’ म्हणून सिनेमा निघाला, आणि 2001 मध्ये ते सिनेटर झाले. 1995 च्या ज्या कारवाईत 11 जण मारले गेले, त्या खटल्यात त्यांचेही नाव होते. पुढे तो रद्द झाला. त्याच देशात 2016 नंतर राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांच्या राजवटीत अमली पदार्थांच्या नावाखाली हजारो माणसे मारली गेली. त्यात बहुसंख्य झोपडपट्टीतले गरीब होते. मार्च 2025 मध्ये दुतेर्ते यांना अटक करून हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयापुढे नेण्यात आले.

आमच्याकडे काय झाले? 2006 च्या लखनभैया बनावट चकमकीत मुंबई उच्च न्यायालयाने 19 मार्च 2024 रोजी प्रदीप शर्मा यांना जन्मठेप सुनावली. त्यांनी सर्वोच्च न्यायालयात अपील केले. दरम्यान 2019 मध्ये त्यांना विधानसभेचे तिकीटही मिळून गेले होते. पडद्यावर टाळ्या आणि मैदानात तिकीट, असा हा धंदा आहे.

गोळीला जात नसते असे म्हणतात. मग 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात दहा जीव कुणाचे गेले? गोळीबाराचा आदेश देणारा अधिकारी 2009 मध्ये न्यायालयात दोषी ठरला, म्हणजे तब्बल बारा वर्षांनी. परभणी तर आपल्या मराठवाड्यातलीच. डिसेंबर 2024 मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली आणि त्यानंतरच्या धरपकडीत सापडलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी कोठडीत मरण पावला. गुन्हा नोंदवा, हे सांगायला उच्च न्यायालयाला 2025 चा जुलै उजाडला. त्या आईच्या लढ्यावर कोण सिनेमा काढणार?

याच जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला 1941 साली बाबासाहेब महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. गावाची राखण, चोराचा माग, सरकारी निरोप ही सारी कामे आमच्या पूर्वजांनीच केली. पण बदल्यात मिळाले ते बलुते आणि शिव्या. ती गुलामी सोडा, असे सांगणाऱ्या बाबासाहेबांनी 1928 सालीच सायमन कमिशनपुढे लष्कर, आरमार आणि पोलीस खात्यात अस्पृश्यांची भरती मागितली होती. ती वर्दी माणूस मारण्यासाठी मागितली नव्हती, माणसाला कायद्याचे संरक्षण मिळावे म्हणून मागितली होती.

संविधानाचे कलम 21 सांगते, कायद्याने ठरवलेल्या रीतीशिवाय कुणाचा जीव घेता येत नाही. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चकमकीतल्या प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी बंधनकारक केली. अ‍ॅट्रॉसिटीची फिर्याद आली की ती टाळाटाळ न करता नोंदवणे, उपअधीक्षकाने स्वतः तपास करणे, हेही पोलिसाचेच काम आहे. गावातल्या पाटलाचा फोन आला तरी ठाण्यातली लेखणी न थांबवणारा फौजदार आम्हाला छप्पन्न मुडदे पाडणाऱ्यापेक्षा शंभरपट शूर वाटतो.

पोरांनो, जरूर धावा, जरूर भरती व्हा. पण वर्दी अंगावर चढेल त्या दिवशी पिस्तुलाआधी संविधान हातात घ्या. उद्या ठाण्याच्या पायरीशी उभी असलेली फाटक्या लुगड्यातली बाई तुमच्याच आईसारखी असेल. तिची फिर्याद लिहून घेणारा आमचा नायक.

जयभीम!