काचेवरच्या टॅगपासून टोलच्या दांड्यापर्यंत

नसरापूरहून पुण्याकडे निघालं की चेलाडी फाट्याला हायवे लागतो आणि पुढे खेड शिवापूरचा टोलनाका. काचेवरच्या फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. नाक्यावरचा रीडर 865 ते 867 मेगाहर्ट्‌झच्या लहरी सोडतो आणि टॅगमधली मिलिमीटरहूनही लहान चिप त्यातूनच काही मायक्रोवॅट वीज मिळवून जागी होते. तिला स्वतःचा ट्रान्समीटरही नाही. एक ट्रान्झिस्टर अँटेनावरचा भार बदलत राहतो, परत फिरणारी लहर कमी-जास्त होते आणि त्या चढउतारांतून रीडर टॅगचा क्रमांक वाचतो. काटकसर म्हणावी तर अशी!

दांड्याचं गणित मात्र उलटं. टॅग वाचल्यावर दांडा उचलायला मोटर लागते, पण तिला हुकूम देणाऱ्या कंट्रोलर चिपची पिन जेमतेम काही मिलिअँपिअर देते. त्यावर मोटर कुठून फिरणार? म्हणून मधे ड्रायव्हर सर्किट लागतं. नेहमीची रचना अशी: पिन ऑप्टोकपलरमधला इवलासा एलईडी पेटवते, समोरचा ट्रान्झिस्टर तो उजेड ओळखून रिलेला चालना देतो आणि रिले मोटर सुरू करतो. एलईडी आणि ट्रान्झिस्टर यांच्यात फक्त प्रकाश जातो, तार नसते. त्यामुळे मोटरकडचा विजेचा झटका चिपपर्यंत पोचत नाही.

कंट्रोलर चिपच्या पोटातही अशीच उतरंड असते. आतला सूक्ष्म ट्रान्झिस्टर बाहेरची पिन थेट हलवायला गेला तर सिग्नल रेंगाळतो. म्हणून मधे ट्रान्झिस्टरचे टप्पे घालतात आणि प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा साधारण तीन-चार पट मोठा ठेवतात. पण टप्पे फार वाढवले, तर प्रत्येकाचा थोडा थोडा उशीर साचतो.