आधी आधण ठेव, मग रड

मैत्रिणींनो, घरात दूध सांडणं ही काही मोठी घटना नव्हे. तुमच्याकडे सांडतं, माझ्याकडेही सांडतं. पण गेल्या वर्षी जुलैमध्ये एका संध्याकाळी माझ्या सात वर्षांच्या मुलाच्या हातून दुधाचं पातेलं निसटलं आणि मी त्याच्या फाडकन् मुस्काटात मारली. पोर रडलं नाही. नुसतं माझ्या तोंडाकडे बघत राहिलं. आतल्या खोलीत कॉटवर पडलेल्या ह्यांनी सगळं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्या रात्री मी स्वतःला विचारलं, ‘रोज संध्याकाळी प्रार्थना म्हणणारी ती तूच ना गं?’

आमचं घर भाट्याला. रत्नागिरीहून खाडीवरचा पूल ओलांडला की सुरूचं बन लागतं, तेच गाव. माझं माहेर नगरचं. (त्या शहराचं नाव 2024 मध्ये बदलून अहिल्यानगर झालं, पण माहेर म्हटलं की तोंडात नगरच येतं.) आम्ही ख्रिस्ती. मी शाळेत तासिकेवर मराठी शिकवते. ह्यांचं काम मच्छीमार बोटींच्या इंजिन दुरुस्तीचं. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते. बोटी किनाऱ्याला लागतात आणि दुरुस्तीची कामं निघतात. वर्षाची मुख्य कमाई त्या दोन महिन्यांची. नेमकं जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाच्या पहिल्या सरीत, ह्यांची स्कूटर घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तीन महिने अंथरुणातून उठायचं नाही असं सांगितलं.

पहिले पंधरा दिवस मी मोठ्या धीराची होते. भेटायला येणाऱ्यांना मीच धीर द्यायची. ‘देव आहे ना!’ असं म्हणायची आणि मलाही ते खरं वाटायचं. मग पैसे संपत आले. हप्ता थकला. पाऊस थांबेना, कपडे वाळेनात, रात्री झोप येईना. पहाटे तीनला छातीत धडधड सुरू व्हायची. हातपाय गार पडायचे. प्रार्थनेला बसलं तर शब्द सुचायचे नाहीत, वाण्याच्या उधारीचे आकडेच डोळ्यांपुढे नाचायचे.

अशात एका रविवारी उपासनेनंतर एका बाईंनी मला बाजूला घेतलं. अगदी मायेनं म्हणाल्या, “विश्वास कमी पडतोय तुझा, म्हणून असं होतंय. विश्वास पक्का असला की माणूस घाबरत नाही.” त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण घरी येईपर्यंत माझ्या पायांतलं बळ गेलं. पैसा नव्हता, माणूस अंथरुणात, आणि आता विश्वासही नाही! म्हणजे उरलं काय?

सासूबाई माझ्या कमी बोलणाऱ्या. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून रडत होते. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, रडू नको म्हणतील. त्या म्हणाल्या, “रड गो बाय, रड. पण आधी भाताचं आधण ठेव, मग रड.”

मी आधण ठेवलं. तांदूळ धुतले. आणि मग रडले. पाणी उकळेपर्यंत रडणं बरंचसं ओसरलंही होतं.

त्याच आठवड्यात शाळेतल्या धड्याच्या निमित्तानं मी लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा हाती घेतलं. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी ते वाचलं असेल. माझ्या माहेरी तर ते कपाटात बायबलच्या शेजारी असायचं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा जन्म आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्याच करजगावचा, 1861 चा. त्या अर्थी लक्ष्मीबाई कोकणच्या सूनबाई. एरवी हे पुस्तक मी हसण्यासाठी वाचायची. कारण टिळकांचा विक्षिप्तपणा आणि लक्ष्मीबाईंची फिरकी या दोन्हींना तोड नाही. या वेळी मात्र मी वेगळंच शोधत होते. ही बाई घाबरत होती का? आणि घाबरली तर तिनं काय केलं?

मैत्रिणींनो, ती पुष्कळ घाबरत होती. माहेरी वडिलांचं सोवळं इतकं कडक, की घरात येणारी बारीकसारीक वस्तूसुद्धा धुऊन घ्यायची. त्या धाकात बालपण गेलं. अकराव्या वर्षी लग्न. नवरा कवी, बुद्धिमान, पण शीघ्रकोपी. केव्हा घर सोडून जाईल आणि हातातले पैसे कुणाला देऊन टाकील याचा नेम नाही. आणि 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या, पदरात लहानगा दत्तू. त्या काळी ब्राह्मणाच्या घरात हे म्हणजे नवरा जिवंत असून नसल्यासारखं. त्या दुःखानं त्या आजारी पडल्या, जिवाला कंटाळल्या. नातलगांच्या आधारानं दिवस काढले. मनातलं दुःख कवितेत उतरलं, तेही याच दिवसांत.

आपल्याला वाटेल, मग एक दिवस त्यांना साक्षात्कार झाला आणि सगळं सुरळीत झालं. तसं काही झालं नाही. टिळकांच्या जवळ जाऊन राहायला लागल्यावरसुद्धा त्यांनी आपला स्वयंपाक आणि सोवळंओवळं वेगळंच ठेवलं. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून आपण व्हायचं, हे त्यांना पटत नव्हतं. आधी त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला, की माणसामाणसांतली ही जात देवानं केली की माणसानं? त्या स्वतःशीच विचार करत राहिल्या, आणि उत्तर मिळाल्यावर कुणाच्याही हातचं खायला-प्यायला त्यांनी सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 सालचा. म्हणजे पाच वर्षं लागली. त्या पाच वर्षांत त्यांना ‘तुझा विश्वास कमी पडतोय’ म्हणून कुणी हिणवलं असतं, तर त्या कुठे गेल्या असत्या?

आणि ख्रिस्ती झाल्यावर तरी संसार सोपा झाला का? भांडणं थांबली नाहीत, पैशाची चणचण थांबली नाही. 1917 साली टिळकांनी मिशनची नोकरीच सोडली. 1919 च्या मे महिन्यात मुंबईत ते वारले. लक्ष्मीबाई पन्नाशीच्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. लिहावाचायला शिकल्या त्या नवऱ्याकडून, घरातच. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्ताच्या चरित्राचं काव्य लिहायला घेतलं होतं, पण अकरा अध्यायांवरच थांबलं होतं. हे काम एखाद्या पंडितानं पुरं करावं, असं कुणालाही वाटलं असतं. ते लक्ष्मीबाईंनी हातात घेतलं आणि पुढचे 64 अध्याय लिहिले. त्यांचं मन कधी दुबळं नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. ‘स्मृतिचित्रे’त आपली भीती, आपला राग, आपली फजिती त्यांनी जराही लपवलेली नाही. दुबळेपणा होता, आणि त्याच्यासकट त्या कामाला बसल्या.

पंडिता रमाबाईंचंही तसंच. त्यांच्या केडगावच्या मुक्तिसदनाबद्दल आपण शाळेत वाचलेलं असतं. पण ही बाई काय काय सोसून तिथं पोचली होती? ऐन तारुण्यात, दुष्काळाच्या दिवसांत, आईवडील गेले. 1882 मध्ये नवरा गेला, कडेवर लहानगी मनोरमा. ऐकू कमी येत होतं. 1883 साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला खरा, पण मनाला खरी शांती मिळायला त्यानंतर आठ वर्षं लागली, असं त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं. पण त्या आठ वर्षांत त्या हात बांधून बसल्या होत्या का? नाही. 11 मार्च 1889 ला त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं, ते याच काळात. तिथं आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी आपल्या देवरूखची गोदूबाई, पुढे 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून झालेल्या बाया कर्वे. विचार करा, रमाबाई म्हणाल्या असत्या की ‘आधी माझं मन शांत होऊ दे, मग बघू,’ तर गोदूबाईंचं काय झालं असतं?

पुढेही दुःखानं त्यांची पाठ सोडली नाही. 1921 साली मनोरमा गेली. एकुलती एक मुलगी, आणि आपल्यामागे काम सांभाळेल असा तोच एक भरवसा होता. रमाबाईंच्या हाती तेव्हा बायबलचं मराठी भाषांतर होतं. ते काम त्यांनी पुरं केलं आणि 5 एप्रिल 1922 ला डोळे मिटले.

हे वाचून माझ्या डोक्यावरचं एक ओझं उतरलं. विश्वास असला की भीती वाटत नाही, हे मी कुठून शिकले होते? आमच्या बायबलात तर तसं नाही. स्तोत्रांच्या पुस्तकात देवाची स्तुती जेवढी, जवळजवळ तेवढ्याच तक्रारी आहेत. पौलासारख्या प्रेषिताच्या शरीरात काही काटा होता. तो काढ म्हणून त्यानं तीनदा विनवणी केली, आणि काटा निघाला नाही. त्याला उत्तर मिळालं ते एवढंच, की तुझ्या दुबळेपणातच माझी कृपा पुरेल. खुद्द प्रभू येशू मरणाच्या आदल्या रात्री बागेत व्याकूळ झाला होता. मग भाट्याच्या एका मास्तरणीनं पहाटे तीनला घाबरावं यात नवल ते काय!

आता मी काय केलं ते सांगते. उपदेश म्हणून नव्हे, तुमच्यापैकी कुणी त्या जागी असेल तर उपयोगी पडावं म्हणून.

पहिली गोष्ट, मी डॉक्टरांकडे गेले. ह्यांच्या औषधांसाठी रोज धावत होते, स्वतःची नाडी दाखवायचं सुचलं नव्हतं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन बरंच खाली. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, वेळेवर जेवायची तंबी मिळाली. महिन्याभरात धडधड पुष्कळ कमी झाली. म्हणजे जिला मी विश्वासाची कमतरता समजत होते, ती बरीचशी रक्ताची कमतरता निघाली! मैत्रिणींनो, सारखा थकवा, धडधड, झोप उडणं, जगणं नकोसं वाटणं, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर गाठा. औषध घेतल्यानं देवाचा अपमान होत नाही.

दुसरी, मी प्रार्थना लहान केली. अर्धा तास शब्द जुळवत बसायचं सोडलं. सकाळी चहाचं पाणी ठेवताना एवढंच म्हणायची, ‘आजच्यापुरतं बळ दे.’ उद्याचा हप्ता उद्या.

तिसरी गोष्ट सर्वांत जड गेली. मी मदत घ्यायला शिकले. शेजारच्या वहिनी चतुर्थीला न चुकता झरी विनायकाला जाणाऱ्या. त्यांनी एका सकाळी पेज आणि चटणीचा डबा पाठवला. ‘कशाला उगाच’ म्हणून परत करायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण देवाकडे बळ मागायचं आणि त्यानं शेजारणीच्या हातून धाडलं तर नको म्हणायचं, ही कुठली रीत? डबा ठेवून घेतला. वहिनी म्हणाल्या, “मी बाप्पाला सांगितलंय हो तुमच्या मिस्टरांचं.” मी म्हटलं, “सांगा, वहिनी.” मनापासून म्हटलं.

चौथी, मी मुलाची माफी मागितली. आईनं मुलाची माफी मागायची आपल्याकडे पद्धत नाही. पण मी त्याला जवळ घेऊन म्हटलं, “त्या दिवशी तुझं चुकलं नव्हतं. आई घाबरली होती, म्हणून हात उठला.” त्यानं थोडा विचार करून विचारलं, “मोठी माणसं घाबरतात?” मी म्हटलं, “घाबरतात.” “मग काय करतात?” मी सासूबाईंकडे बघितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, “आधण ठेवतात.”

आता वर्ष होऊन गेलं. हे कामावर जातात, पण पायात थोडी लंगड राहिली आहे. ती जाणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. त्या हंगामाची बुडालेली कमाई परत आली नाही, थोडं कर्ज अजून फिटायचं आहे. सगळं पूर्ववत झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. पावसाच्या संध्याकाळी ह्यांना पुलावरून यायला उशीर झाला, की अजूनही माझ्या छातीत धडधड होते.

पण आता त्या धडधडीची मला लाज वाटत नाही. ‘प्रभू, मी घाबरले आहे,’ असं सरळ सांगते, दाराची कडी काढून ठेवते आणि भाताचं आधण ठेवते. बहुतेक वेळा पाण्याला उकळी येईपर्यंत अंगणात पावलं वाजतात. एक जड, एक हलकं.