पान सतरावरचा शिक्का

जून १९८७मध्ये सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी अर्धवेळ ग्रंथपाल म्हणून रुजू झाले. मुख्याध्यापकांनी दोन वस्तू ताब्यात दिल्या, किल्ल्यांचा जुडगा आणि दाखल नोंदवही. "आधी मोजून घ्या, मग सही करा," एवढंच म्हणाले. मोजायला अकरा दिवस लागले. वहीत चार हजारांवर पुस्तकं होती, कपाटांत त्याहून दोनशे सहा कमी भरली.

ती नोंदवही अजून डोळ्यांपुढे आहे. लाल कापडी बांधणी, झिजलेले कोपरे, उघडली की कसरीने खाल्लेल्या कागदाचा भुगा मांडीवर पडायचा. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, पृष्ठं, किंमत, बिल क्रमांक, शेरा असे रकाने. पहिल्या पानांवरच्या किमती रुपये-आणे-पैमध्ये होत्या, २-८-० अशा. १ एप्रिल १९५७पासून दशमान नाणी आली, पण आमच्या त्या वेळच्या कारकुनाचा हात काही लगेच वळला नाही. पुढची दोन पानं तो आणेच लिहीत गेला आणि मग कुणीतरी लाल शाईने ते खोडून त्यांचे नये पैसे केले. देणगीतल्या जुन्या पुस्तकांवर सनाऐवजी शके छापलेले. त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन निघतो, आणि पुस्तक पौष-माघातलं असेल तर एकोणऐंशी. आधीच्या कुणीतरी वजाबाकी केली होती. त्यामुळे आमच्या वहीत तीन पुस्तकं पेशवाईच्याही आधी छापलेली होती.

प्रत्येक पुस्तकावर तीन शिक्के असायचे. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर, शेवटच्या पानावर आणि 'गुप्त पाना'वर. गुप्त पान प्रत्येक ग्रंथालयाचं आपापलं ठरलेलं असतं. चोराने पहिलं-शेवटचं पान फाडलं तरी मधला शिक्का आणि क्रमांक राहतो, ही त्यामागची युक्ती. आमचं गुप्त पान सतरा. आता मुलांची कितीतरी पुस्तकं सोळा पानांचीच असतात, हे ठरवणाऱ्याच्या लक्षात आलं नसावं. त्या पुस्तकांवर शिक्का मलपृष्ठाच्या आत मारलेला. बाकी हे गुपित सातवीच्या पुढच्या प्रत्येक मुलाला ठाऊक होतं.

पुस्तकं कपाटात लावलेली होती ती दाखल क्रमांकाने, म्हणजे ज्या क्रमाने विकत घेतली त्या क्रमाने. 'श्यामची आई'च्या एका बाजूला कुक्कुटपालन, दुसऱ्या बाजूला लॉगॅरिथमची कोष्टकं. वर सगळ्यांना ब्राऊन पेपरची कव्हरं. कण्यावर खळीने चिकटवलेली क्रमांकाची चिठ्ठी, नाव कुठेच नाही. मुलं जाळीच्या दारातून बोट दाखवून सांगायची, "बाई, ते पातळ द्या." जाडीखेरीज निवडीला दुसरा आधारच नव्हता.

ही मांडणी मूर्खपणाची नव्हती. तपासणीला क्रमांकाने लावलेलं कपाट सर्वांत सोयीचं. एक ते शंभर मोजले, सत्तेचाळीस नाही, लिहा हरवलं. हरवलेल्याची वसुली आपल्या पगारातून होईल ही धास्ती प्रत्येक प्रभारी शिक्षकाला होती, मलाही होती. पुस्तक म्हणजे बाकं, घंटा आणि नकाशे यांच्यासारखी शाळेची मालमत्ता, आणि नोंदवही ही त्या मालमत्तेची राखणदार. त्या दोनशे सहा पुस्तकांचं निर्लेखन मंजूर व्हायला चार वर्षं गेली. यादी करताना मात्र एक गंमत दिसली. गायब होती ती 'फास्टर फेणे', 'गोट्या', भुताखेतांच्या गोष्टी, शिकारकथा, क्रिकेटपटूंची चरित्रं. कुक्कुटपालन जागेवर होतं. मुलांना काय आवडतं याची इतकी खरी पाहणी त्या शाळेत आधी कुणी केली नव्हती.

ग्रंथालयशास्त्र शिकताना आम्हाला वेगळंच जग दाखवलेलं. सयाजीराव गायकवाडांनी १९१०मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बडोद्याला आणलं, संस्थानभर ग्रंथालयं उभी केली, पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवल्या. मद्रासला गणिताचे प्राध्यापक असलेले रंगनाथन १९२४मध्ये विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, १९३३मध्ये स्वतःची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती. त्या पाचांतलं चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. परीक्षेत त्यावर मी चार पानं लिहिली होती. नोकरीत शिरल्यावर पहिली दोन वर्षं त्याची आठवणही झाली नाही. अर्धवेळ ग्रंथपालाला अर्धा दिवस तरी ग्रंथालयात मिळतो, अशी माझी तोवर समजूत होती. ऑफ तास सांभाळणं, शिष्यवृत्तीचे फॉर्म, गुणपत्रकं आणि पुढे पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब यांतून उरेल तो वेळ पुस्तकांचा.

१९८९च्या मे महिन्यात मी तालिका करायला घेतली. गावातल्या छापखान्यातून जाड कागदाच्या उरलेल्या पट्ट्या आणून साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरची पत्रं कापून घेतली. एका पुस्तकाची किमान तीन पत्रं, लेखकाचं, शीर्षकाचं, विषयाचं. खालच्या कडेला मधोमध भोक, त्यातून सळई ओवायची, म्हणजे पत्रं चाळता येतात पण उपसता येत नाहीत. सुरुवातीला चपलांच्या दुकानातले खोके वापरले. मग तंत्र विभागाच्या मुलांनी सुतारकामाच्या तासाला बारा खणांचं कपाट करून दिलं. त्यातले दोन खण शेवटपर्यंत अडकत राहिले. सगळी पत्रं हाताने लिहिली, सहा वर्षं लागली.

खरी कसोटी लागली ती मराठी नावांवर. नियम सांगतो, आडनाव आधी. म्हणजे पु. ल. सापडणार 'दे'च्या खणात, व. पु. 'का'मध्ये, जी. ए. 'कु'मध्ये. कुलकर्णी, जोशी आणि देशपांडे यांनीच दोन खण भरले. मुलं शोधायची 'पु'मध्ये, आणि त्यांचं काय चुकलं? टोपणनावांचा गुंता त्याहून मोठा. आरती प्रभूंची कविता आणि चिं. त्र्यं. खानोलकरांची कादंबरी एकाच माणसाची, गोविंदाग्रज, बाळकराम आणि राम गणेश गडकरी ही तिघं मिळून एक. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर, आणि लग्नाआधीच्या त्या बाळूताई खरे. प्रत्येकासाठी 'पाहा' असं लिहिलेलं वेगळं पत्र करायचं, या नावाखाली आलात तर त्या नावाकडे जा. मला हे काम फार आवडायचं. पेठेत पत्ता विचारणाऱ्याला वाट दाखवावी तसं ते होतं.

वर्गीकरणासाठी हाती होती ड्यूईची दशांश पद्धती. मेल्विल ड्यूई या अमेरिकन माणसाने १८७६मध्ये सगळ्या ज्ञानाचे दहा भाग पाडले. साहित्याला ८००. त्यात इंग्रजीला ८२०, जर्मनला ८३०, फ्रेंचला ८४०, आणि मराठी कुठे, तर 'इतर' भाषांच्या ८९०मध्ये, ८९१.४६वर. धर्माच्या २००मध्ये बायबल आणि ख्रिस्ती धर्म यांनी २२०पासून २८०पर्यंतची ऐसपैस जागा घेतलेली. गीता, उपनिषदं, पुराणं सगळी २९४.५च्या पोटात कोंबायची. आमच्या शाळेत त्यामुळे काही आकडे रिकामे आणि दोन आकड्यांवर अख्खं ग्रंथालय. बत्तीस पानांच्या गोष्टीच्या पुस्तकाला कणाच नसतो, त्यावर ८९१.४६३ लिहायचं कुठे? मी ८९१.४६ काढून टाकून नुसता 'म' ठेवला. म१ कविता, म२ नाटक, म३ कथा-कादंबरी. चिठ्ठी कण्याऐवजी मुखपृष्ठाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात लावली. ब्राऊन पेपरची कव्हरं त्याच सुट्टीत काढून टाकली, आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली.

दोन कपाटांना मात्र हात लावता आला नाही. एका देणगीदारांच्या वडिलांच्या स्मरणार्थ ती आली होती, दारावर पितळी पाटी, आणि अट अशी की पुस्तकं एकत्रच राहावीत. कुटुंबाची भावना समजते. पण त्यामुळे शाळेत 'मृत्युंजय'च्या दोन प्रती दोन टोकांना, आणि एक प्रत कुलपात. शाळेला ग्रंथदान करणाऱ्यांनी पाटीची हौस जरूर करावी, कपाटाची अट घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एवढं सगळं मांडून झाल्यावर एके दिवशी पाचवीतला एक मुलगा आला आणि म्हणाला, "शिवाजी महाराजांचं पुस्तक द्या." मी त्याला विचारलं, कोणतं? तो गोंधळला. माझ्या रचनेप्रमाणे 'श्रीमान योगी' म३मध्ये, महाराजांची चरित्रं ९२०मध्ये, मराठ्यांचा इतिहास ९५४मध्ये, किल्ल्यांच्या भटकंतीची पुस्तकं ९१५.४मध्ये. शास्त्राप्रमाणे बिनचूक. चार कपाटांमधून त्याला फिरवलं तेव्हा मधली सुट्टी संपली. रंगनाथनांचं चौथं सूत्र मला त्या दिवशी आठवलं.

त्यानंतर टेबलावर एक वही ठेवली. मुलं ज्या शब्दांत पुस्तक मागतात तेच शब्द त्यात लिहायचे. 'भुताचं.' 'मुलगा घरातून पळून जातो ते.' 'रडू येतं असं.' 'मागच्या वर्षी ताईने नेलेलं हिरवं.' यांतले जमतील तेवढे विषयपत्रांवर चढवले. 'भूत' या शब्दाचं पत्र कुठल्याही प्रमाण विषयसूचीत माझ्या तालिकेतल्याइतकं जाडजूड नसेल. सगळ्या तालिकेत तेच सर्वांत मळलेलं पत्र होतं. तीनदा नव्याने लिहावं लागलं.

एका पत्राबद्दल सांगायलाच हवं. मराठी विश्वकोशाचं काम आमच्याच जिल्ह्यात, वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली चालायचं. पहिला खंड १९७६चा. जे पुस्तक अजून पूर्ण व्हायचं आहे त्याच्या पत्रावर वर्षापुढे एक आडवी रेघ मोकळी सोडतात. '१९७६–' असं ते पत्र मी लिहिलं तेव्हा पुढचा आकडा लवकरच भरू असं वाटलं होतं. विसाव्या खंडापर्यंत ती रेघ तशीच लोंबकळत राहिली. मधल्या काळात शाळेचे सहा मुख्याध्यापक बदलले.

२००४मध्ये संगणक आला. मी आणि दहावीच्या दोन मुलींनी मिळून जवळजवळ सगळी तालिका त्यावर चढवली. सात वर्षांनी तो संगणक बंद पडला. नव्या यंत्रावर फाईल उघडली तर पडद्यावर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं विस्कटलेली. तेव्हाचे मराठी फॉन्ट इंग्रजी कळांच्या जागांवर देवनागरीची चित्रं बसवून बनवलेले असायचे. फॉन्ट गेला की मजकूरही गेला. पुन्हा युनिकोडमध्ये टाइप करायला बसले आणि आधार घेतला तो त्याच लाल नोंदवहीचा, जिला मी इतकी वर्षं नुसती राखणदार म्हणून हिणवत होते. वाळवी, कसर आणि चार गळक्या पावसाळ्यांतून ती वाचली होती. युनिकोडनेही आपला हिसका दाखवला. ज्ञानेश्वर थेट 'ज'मध्ये जाऊन बसले, कारण संगणकाच्या लेखी ज्ञ म्हणजे ज् आणि ञ. ळ जाऊन बसला लच्या शेजारी. 'ज्ञ' शेवटच्या खणात असतो हे बाराखडी शिकून आलेल्या मुलांना पाठ होतं, आणि ती पडद्यावर खालून शोधायला सुरुवात करायची.

२०१५पासून १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होऊ लागला. त्या दिवशी सगळी कपाटं उघडली जायची, फोटो निघायचे, आणि सोळा तारखेला किल्ल्या परत माझ्याकडे यायच्या. यावर अधिक लिहीत नाही.

मे २०१७मध्ये पाचगणीजवळचं भिलार 'पुस्तकांचं गाव' झालं. त्या डिसेंबरात आठवीची सहल तिथे नेली. गावातल्या एकेका घरात एकेक साहित्यप्रकार मांडलेला. कुठे कथा, कुठे इतिहास, कुठे बालसाहित्य, आणि दारात चपला काढून आत बसायचं. परतताना एसटीत एका मुलीने विचारलं, "बाई, आपल्या कपाटांना घरं का नाहीत?" नाताळच्या सुट्टीत आम्ही बसून पुस्तकं पुन्हा लावली. एक कपाट शिवाजी महाराजांचं, त्यात कादंबरी, चरित्र, इतिहास, किल्ले सगळे शेजारी शेजारी. एक भुतांचं. एक प्राण्यांचं, जिथे शेवटी कुक्कुटपालनही सुखाने नांदलं. चिठ्ठ्यांवरचे जुने क्रमांक तसेच ठेवले, वहीच्या शेऱ्यात घराचं नाव लिहिलं, म्हणजे तपासणीलाही अडचण नको. त्या वर्षी पुस्तकांची देवघेव इतकी वाढली की तारीख चिठ्ठ्या दोनदा छापून घ्याव्या लागल्या. हे करायला ना संगणक लागला ना अनुदान. १९८७मध्येच करता आलं असतं. तीस वर्षं मला ते सुचलं नाही, याचं उत्तर माझ्याकडे एकच आहे. मी पुस्तकांची रचना नीट शिकले होते आणि मुलांना विचारायला उशीर केला.

मे २०१९मध्ये मी निवृत्त झाले. जागा भरलेली नाही. किल्ल्या कार्यालयात असतात, शिक्का आणि शाईची पाटी माझ्या जुन्या टेबलाच्या खणात. दाखल नोंदवहीचा तिसरा खंड माझ्या अक्षरातल्या ९,४४० क्रमांकावर थांबला आहे. त्यानंतर आलेली पुस्तकं खोक्यांत आहेत, त्यांच्या सतराव्या पानावर अजून शिक्का नाही.